खांबावरच्या खुणा

या घरातली सगळी मोठी भांडणं बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात झाली. त्याला कारणही तसंच होतं. ऑफिसची मागची भिंत बर्फाच्या कोठाराला लागून होती, त्यामुळे डोकं कितीही तापलं तरी पाठ थंड राहायची. त्या सोमवारी बाहेर चव्वेचाळीस अंश होते. दुपारी दोनच्या उन्हात शहाणी माणसं दारं लावून झोपतात. पण पूररेषेवर हरकत नोंदवायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती, आणि शेवटचे तीन तास उरल्याशिवाय कोणत्याही कामाला हात घालायचा नाही, हा घराण्याचा बाणा होता.

कारखाना चालवणाऱ्या दादाला उन्हाचं काही वाईट वाटत नव्हतं. वडिलांच्या काळात बर्फाला चार महिने मागणी असायची, आता आठ महिने असते. जग तापतंय म्हणून लोक हळहळत होते आणि दादा दुसऱ्या कॉम्प्रेसरची चौकशी करत होता. गेल्या महिन्यात तापमानवाढीवर मोठी परिषद भरली, तेव्हा व्यासपीठावर ठेवायच्या बर्फाच्या राजहंसासाठी आठ लाद्या इथूनच गेल्या होत्या. सभागृह गारेगार करूनही पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत हंसाची मान गळून पडली. परिषदेत ज्या अहवालाचं प्रकाशन झालं, त्यात हाच कारखाना बुडालेला दाखवला होता, आणि तो अहवाल दादाच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने लिहिला होता.

धाकटी नद्यांचा अभ्यास करायची. तिला आपणच शिकवलं असं दोन्ही भाऊ चारचौघांत सांगायचे. अहवाल आल्यापासून मात्र तिला शिकवल्याचं श्रेय प्रत्येक जण दुसऱ्याला देऊ लागला होता. तिच्या नकाशावरची निळी रेषा नदीकडून वर येत येत कारखान्याचं आवार, कॉम्प्रेसरची खोली आणि वरच्या मजल्यावरच्या दादाच्या घराचा जिना पोटात घालून थेट फाटकापाशी थांबत होती. रेषेच्या आत नवं बांधकाम बंद. जुनं टप्प्याटप्प्याने उठवायचं आणि उंचावर पर्यायी जागा द्यायची, असं धोरण ठरलं होतं.

"स्वतःच्या बापाच्या कारखान्यावरून रेघ ओढताना तुझा हात नाही थरथरला?" मधल्या भावाने विचारलं. त्याला घरात सगळे वकील म्हणत. तो वकीलच होता, पण म्हणायचे ते त्या कारणासाठी नव्हे.

"रेघ संगणक ओढतो."

"आणि संगणकाला आकडे कोण देतं?"

"मी."

"झालं तर मग."

धाकटीने समोरचं बर्फाचं पाणी एका घोटात संपवलं. सकाळची गाडी पकडून ती आली होती, ती भावांना समजावून सांगायला. अनोळखी लोकांच्या दोनशे सभा तिने घेतल्या होत्या. नकाशे फाडणारे पाहिले होते, अंगावर धावून येणारे पाहिले होते. पण त्यातला कोणी तिला "छोटे, तुला काय कळतंय" म्हणाला नव्हता.

"छोटे, तुला काय कळतंय," दादा म्हणाला. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, असं तूच लिहिलंयस ना? अकरा वर्षांत तीन येऊन गेले. म्हणजे तीनशे वर्षांचा कोटा संपला. आता निवांत."

"तसं नसतं रे दादा. शंभर वर्षांचा म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीही जुन्या हवामानाच्या हिशेबाने. हवा तापली की जास्त वाफ धरून ठेवते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. महिन्याचा पाऊस एका दिवसात पडतो. त्यात वरच्या अंगाची पाणथळ जागा बुजवून तिथे वसाहत केली. ते पाणी जाणार कुठे?"

"आपल्याकडे," वहिनी, म्हणजे दादाची बायको, म्हणाली. ती पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. तिचं बोलणं नेहमीप्रमाणे कोणाच्या कानावर पडलं नाही.

"हे म्हणजे आईचं माप झालं," वकील म्हणाला आणि दादा खो खो हसला.

आईचं माप हा घरातला जुना विनोद होता. दिवंगत आईला प्रत्येक पुराचं पाणी असायचं त्याहून जास्त वाटायचं. त्यामुळे घरात कोणी काही फुगवून सांगितलं, की बाकीचे लगेच म्हणत, आईचं माप! नातवंडंसुद्धा परीक्षेचा पेपर अवघड गेला म्हणाली, की हेच ऐकायची. आईचं माप खोटं होतं याला पुरावा होता, आणि तो ऑफिसच्या मधोमध उभा होता. सिमेंटच्या त्या खांबावर वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, लाल तेलरंगात प्रत्येक पुराची खूण काढली होती. सायकलींचा पूर, रेडिओचा पूर, मोटारीचा पूर. पाण्याने त्या त्या वेळी जे नेलं, त्याचं नाव पुराला. पाणी ओसरलं की आप्पा ब्रश घेऊन येत, खूण काढत आणि सगळं कुटुंब खांबाशेजारी उभं राहून फोटो काढून घेत असे. लोक लग्नाचे फोटो जपतात, या घराने पुरांचे जपले होते.

आणि तेच फोटो आता अहवालात होते. नदीकाठी इतकी जुनी नोंद दुसरी कोणाकडेच नव्हती. पान एकशे बारावर, चित्र चौदामध्ये, खांबावरच्या सगळ्यात वरच्या खुणेला बोट लावून दात काढत उभा होता तो स्वतः वकील.

"माझी परवानगी घेतली होतीस?" त्याने पान आपटत विचारलं.

"तूच म्हणालास, मोठा करून छाप."

वकिलाने तो विषय सोडला आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला. "हे बघा. सरकारचा सगळा डोलारा या खांबावर उभा आहे. खांब पाडता येणार नाही, संशय येईल. पण खुणा चुकीच्या होत्या असं ज्याने काढल्या त्यानेच प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, तर? आप्पांनी अंदाजाने काढल्या. जरा मिशीला पीळ द्यायला, आमच्याकडे केवढं पाणी आलं म्हणून सांगायला, वर काढल्या. म्हातारा माणूस. कोण काय बोलणार?"

खांबाखालच्या वेताच्या खुर्चीत आप्पा बसले होते. वय शहाऐंशी. कानातलं यंत्र त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. घरातल्या चर्चेच्या वेळी ते तिथेच असायचं.

"म्हणजे आप्पांना खोटारडं ठरवायचं," धाकटी म्हणाली.

"कायद्याच्या भाषेत त्याला स्मृतिदोष म्हणतात."

धाकटीला संताप आला, आणि संतापाखाली निव्वळ दुःख होतं. लहानपणी ती या खांबाला पाठ लावून उभी राहायची, आपण मोटारीच्या पुराहून अजून किती बुटक्या ते बघायला. इतर मुली बाहुलीशी खेळल्या, तिने या खुणा वहीत उतरवल्या. पुढे सगळं शिक्षण झालं, परदेशी यंत्रं आली, उपग्रह आले. पण पाणी खरंच मोजता येतं हे तिला आप्पांच्या ब्रशने शिकवलं होतं. तिने आधारासाठी दादाकडे पाहिलं.

दादा मात्र वकिलाच्या फायलीतला दुसराच एक कागद निरखत होता. "हा कसला नकाशा?"

"तो राहू दे."

"नदीकाठची बत्तीस घरं," दादाने वाचलं. "बाल्कनीतून पाण्याचं दर्शन. वकील, यात आपला कारखाना कुठाय?"

"अरे, ते नुसतं चित्र आहे. भविष्यातलं."

"भविष्यात मी कुठाय?"

वकील खाकरला. रेषा हटली की जमिनीचा सोन्याचा तुकडा होतो, बर्फ काय कुठेही गोठतो, असं तो काहीसं बोलला. दादाची आणि त्याची दोन आठवड्यांची युती तिथल्या तिथे मोडली. रेषा हटवायची ती कारखाना वाढवायला, अशी दादाची समजूत होती. कारखाना हटवायलाच ती हटवायची होती, हे त्याला आत्ता समजलं. त्याने खुर्ची उचलली आणि बहिणीच्या बाजूला नेऊन ठेवली.

"छोटे, वाफेचं तू मघाशी काय म्हणत होतीस?" तो म्हणाला.

"दादा, खेळ नको," वकील घड्याळ बघत म्हणाला. "बत्तीस घरांचं नंतर भांडू. रेषा राहिली तर दोघांनाही काही मिळणार नाही. दुसरा कॉम्प्रेसर विसर. हे तरी मान्य?"

ते मान्य होतं. दादाने खुर्ची पुन्हा अर्धी सरकवली आणि दोघांच्या मधोमध ठेवली.

"मग सह्या करून टाकू. हरकत फक्त मालकाची चालते, तेव्हा," वकिलाने फॉर्म उलगडला आणि तो थांबला.

मालक वहिनी होती. आठ वर्षांपूर्वी जागा बाईच्या नावावर केली की सरकारी सवलत मिळते, असा शोध वकिलानेच लावला होता. आई गेलेली, धाकटी परगावी, स्वतःच्या बायकोच्या नावावर करणं बरं दिसलं नसतं. राहता राहिली वहिनी. तिला एका सकाळी स्वयंपाकघरातून बोलावून नेलं, चार ठिकाणी सह्या घेतल्या आणि परत स्वयंपाकघरात सोडलं. त्यानंतर ही गोष्ट सगळे विसरून गेले होते. तीन माना एकदम दाराकडे वळल्या.

"वहिनी, अशा उभ्या का? बसा ना," वकील म्हणाला. लग्नानंतर एकोणतीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच बसा म्हटलं.

वहिनी बसली. जग मांडीवर ठेवला. तिच्या डोक्यात कधीपासून एकच गोष्ट होती, आणि ती निळ्या रेषेहून जुनी होती. तिला इथून जायचं होतं. गेल्या पुरात रात्रभर पाणी चढत राहिलं आणि पहाटे बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूचा पाइप सुटला. दादा खाली झडप बंद करायला गेला. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर तोंडाला ओला टॉवेल लावून उभी होती. डोळ्यांची आग होत होती, खालून हाकेला ओ येत नव्हती. वीस मिनिटं तिने नवरा गेला असं धरूनच काढली. तो आला, खोकला, आणि म्हणाला, "मशीन वाचलं." त्या दिवशी नवरा परत आल्याचा जितका आनंद झाला, तितकाच त्याच्या त्या वाक्याचा राग आला. दोन्ही तिने गिळले. नंतर अहवाल आला. सगळ्या घराने कपाळाला हात लावला, तेव्हा तिने मनातल्या मनात नणंदेचे पाय धरले. कोणीतरी, अगदी सरकारने का होईना, तिला इथून जा म्हटलं होतं.

"मी सही नाही केली तर?" तिने विचारलं.

"अगं, नाही काय करतेस?" दादा म्हणाला. "माझा जन्म गेला इथे."

"माझाही जातच होता त्या दिवशी."

"वहिनी, भावनेच्या भरात नको," वकिलाने आवाज मऊ केला. "आप्पा लिहून देतायत ना, की एवढं पाणी कधी आलंच नव्हतं. उगाच भीती. आप्पा! अहो आप्पा! यंत्र लावा कानात. खांबावरच्या खुणा खोट्या आहेत, असं म्हणायचंय फक्त. जमेल?"

आप्पांनी सावकाश यंत्र काढलं, फुंकर मारली, कानात बसवलं. मग खांबाकडे न बघताच म्हणाले, "खोट्याच आहेत त्या."

वकील उडालाच. "ऐकलंत? स्वखुशीने! दादा, तू साक्षीदार. आप्पा, पुन्हा एकदा बोला, मी लिहून घेतो."

"खोट्या आहेत. पाणी त्याच्या हातभर वर होतं."

वकिलाने लिहायला घेतलेलं पेन हवेत धरून ठेवलं.

"सायकलींच्या पुरानंतर," आप्पा म्हणाले, "तुमची आई ट्रंक भरून फाटकात बसली. म्हणाली, पाणी माझ्या खांद्याला लागलं, मी पोरांना घेऊन इथे राहणार नाही. कारखाना नवा होता. मी म्हटलं, खांद्याला कुठे, छातीच्याही खाली होतं, घाबरलीस म्हणून तुला जास्त वाटलं. ती ऐकेना. मग मी रंग आणला. भिंतीवरचा ओलीचा डाग पुसला आणि खांबावर खूण काढली, हातभर खाली. तिला आणून दाखवली. ती कितीतरी वेळ खुणेशेजारी उभी राहिली. मग म्हणाली, माझंच चुकलं असेल. आणि ट्रंक सोडायला गेली."

"मग पुढच्या खुणा?" धाकटीने विचारलं.

"पहिली खाली, तर बाकीच्या खाली धरायलाच हव्यात ना? नाहीतर तिच्या लक्षात आलं असतं. प्रत्येक खूण मोजून हातभर खाली काढली. त्यात कधी चूक केली नाही."

त्या शेवटच्या वाक्यात थोडा अभिमानही होता, आणि तोच धाकटीला सहन झाला नाही. ती उठून भिंतीला टेकली. दोन वर्षांपूर्वी तिच्या गणितातून दर वेळी खांबापेक्षा हातभर जास्त पाणी निघत होतं. प्रत्येक पुराला, नेमकं हातभर. तिच्या हाताखालच्या मुलांनी सहा महिने आकडे तपासले, त्यांना कुठेही चूक सापडली नाही. ते म्हणाले, मॅडम, खांबच चुकीचा नसेल कशावरून? ती त्यांच्यावर ओरडली होती. तो खांब माझ्या वडिलांचा आहे, म्हणाली होती. आणि मग गणिताचे कान धरून ते हातभर खाली ओढलं, खांबाशी जुळेपर्यंत. सगळ्या शहराची रेषा त्याच जुळवलेल्या गणितावर आखली होती.

तिने हे सगळं भावांना सांगितलं. न अडखळता, सभेत सांगावं तसं. सांगून झाल्यावर रडली.

"म्हणजे रेषा," दादाने चाचरत विचारलं, "अजून वर?"

"हो. जमीन सपाट आहे. उभं हातभर चढलं की आडवं खूप पसरतं. फाटकापासून पार चौकापर्यंत जाईल."

चौकाच्या अलीकडचा तिसरा बंगला वकिलाचा होता, गेल्याच वर्षी बांधलेला. हे त्याला सांगायची कोणाला घाई नव्हती. तो मनातल्या मनात फाटकापासून घरं मोजतच होता.

"हे या खोलीबाहेर जाता कामा नये," मोजून झाल्यावर तो म्हणाला. "आप्पांचं वय झालंय. स्मृतिदोष आहे. मी मघाशीच म्हणालो होतो."

"माझं लग्न ठरलं तेव्हा," वहिनी म्हणाली, आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं, "मी विचारलं होतं, नदी एवढी जवळ, पाणी किती येतं? आप्पांनी मला इथे आणून खांब दाखवला. सासूबाई मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मला जास्त वाटतं गं, पण खूण तेवढीच आहे."

आप्पा जमिनीकडे बघत होते.

"त्या मरेपर्यंत स्वतःलाच हसत होत्या. त्यांच्या मापावर आपण सगळे हसलो. मीसुद्धा हसले." तिने जग खाली ठेवला. "भाऊजी, पेन द्या."

वकिलाने चटकन पेन दिलं. वहिनी सही करते म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. फॉर्मवर हरकतीचा तपशील या शीर्षकाखालची जागा त्याने आपली दोन टाइप केलेली पानं चिकटवायला मोकळी सोडली होती. वहिनीने त्या मोकळ्या जागेत शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: रेषा चुकली आहे. पाणी खांबावरच्या खुणांपेक्षा हातभर वर आलं होतं. खुणा काढणाऱ्यांनी आज सर्वांसमोर तसं सांगितलं. रेषा वर घ्यावी. मग खाली सही केली.

वकिलाने उलट्या बाजूने वाचलं आणि उभाच राहिला. "अहो वहिनी, हरकत आपल्या फायद्याची घेतात!"

"असं कुठे लिहिलंय?"

वकिलाने फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला, तळटीपा वाचल्या. असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"मला एकदा विचारायचंस तरी," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसासारखा दिसायला लागला होता आणि वहिनीला त्याची दया आली.

"आता विचारते. माझ्याबरोबर चौकापलीकडे राहायला याल?"

दादाने खांबाकडे पाहिलं, कॉम्प्रेसरच्या दाराकडे पाहिलं. "बर्फ तिथेही गोठतो म्हणे," तो म्हणाला. वकिलाने मान फिरवली.

"आणा तो कागद," आप्पा म्हणाले. "साक्षीदार म्हणून माझी सही लागेल." वहिनीने कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. सहीला बराच वेळ लागला. पेन परत देताना त्यांनी ते सोडलं नाही. "सूनबाई, मला माफ कर. माफी मागायला हवी होती तिची. ती आता नाही, म्हणून तुझ्याकडे मागतो."

वहिनीला रडू येत होतं, आणि ते तिने लपवलं नाही.

"माझ्यापुरतं मी माफ केलं, आप्पा," ती म्हणाली. "सासूबाईंच्या वतीने मला ते करता येणार नाही."

तिने हलकेच पेन सोडवून घेतलं, कागदाची घडी घातली, नणंदेला चल म्हणाली, आणि दोघी उन्हात निघाल्या.